भरल्या ताटावरून

परातीतली कणीक तिंबून होत आली होती. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठानं भरलेले. काकूंनी माझ्यापुढून परात ओढली. माझी बोटं अजून कणकेत होती तरी ओढली. अंगण ओलांडून त्या गोठ्यात गेल्या आणि अख्खी परात म्हशीच्या गव्हाणीत पालथी केली. म्हशीनं आधी हुंगलं, मग खायला लागली.

काकू परत आल्या. परात न्हाणीच्या दगडावर आपटून त्यांनी राखेनं घासायला घेतली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हात धू. हितं न्हाई. दाराच्या भाईर."

मी दाराबाहेर गेले. कुणीतरी वरून पाणी घालेल म्हणून हात पुढं करून उभी राहिले. कुणी आलं नाही. पीठ बोटांवर वाळायला लागलं तेव्हा ओढणीला पुसलं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली पोरगी. समता या विषयावर तर मी कुठंही, कधीही, सात मिनिटं घंटी वाजेपर्यंत बोलू शकत होते.

कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर होतं. जिल्ह्यातलंच एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या गावांना सुटल्यासारखं वाटेल. आम्ही चाळीसेक पोरंपोरी तिथल्या शाळेत मुक्कामाला होतो. सकाळी नाल्या खोदायच्या, दुपारी व्याख्यान ऐकायचं, संध्याकाळी पथनाट्य करायचं. शाळेच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लावला होता, 'सामाजिक न्यायासाठी युवक'. त्यावर शिबिराच्या सरांचा हसरा फोटो होता.

अशा शिबिरांची एक रीत असते. शेवटच्या दिवशी पोरांनी स्वयंपाक करायचा आणि गावानं पोरांसोबत पंगतीला बसायचं. म्हणजे गाव आणि कॉलेज एक झालं. भांडी गावची, शिधा गावचा, हात आमचे. सरपंचाचं अंगण मोठं म्हणून चुली तिथं मांडल्या होत्या. काकू म्हणजे सरपंचाची बायको. स्वभावानं वाईट नव्हत्या. सकाळी मला पाहून त्यांनीच म्हटलं होतं, "कशी झकास तिंबून राहिली पोरगी. शिकवलंय आईनं."

मग त्यांनी विचारलं, "कोण्या गावची गं?"

"जवळा बाजारच्या अलीकडची."

"आडनाव?"

मी सांगितलं. माझं आडनाव फसवं आहे, ते त्यांच्यातही असतं. काकूंचा चेहरा फुलला. माझ्या आजोळची चौकशी सुरू झाली, कुणाकुणाची सोयरीक निघाली. दोन मिनिटं मी त्यांच्या घरची लेक होते. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "गावात घर कुठं पडतं म्हणलीस? मारुतीच्या अलीकडं का पलीकडं?"

गावात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, "पलीकडं. वढ्याच्या अंगाला."

काकूंचे हात थांबले. "मांगाची हायेस व्हय," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, फक्त म्हणाल्या. आणि परात ओढली.

माझ्या शेजारी वर्षा पुऱ्या लाटत होती. हॉस्टेलवर आमची एकच खोली, एकच डबा. तिच्या आईनं पाठवलेलं लोणचं मी खायचे आणि माझ्या आईनं केलेली तिळाची चटणी ती. वर्षानं पोळपाटावरून मान वर केली नाही. एकच पुरी लाटत राहिली, इतकी की ती पार कागदासारखी झाली. चुलीपाशी विजय लाकडं फोडत होता. तो बंजारा, तांड्यावरचा. त्याला सकाळीच सांगितलं होतं, "तू लाकडाचं बघ, आत यायचं काम न्हाई." त्यानं ते मुकाट ऐकलं होतं. आता तो माझ्याकडं बघत होता. बघण्यापलीकडं काही करत नव्हता.

सरांना बोलावणं गेलं. ते लगबगीनं आले. काकू त्यांच्यावर तापल्या, "तुमाला ठावं होतं तर आधी सांगाय न्हाई का, सर? गाव जेवणार हाय आमचं. कोणाच्या तोंडात काय घालून राहिले तुमी?"

सरांनी हात जोडले. काकूंना जोडले.

मग मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. "हे बघ, मी वैयक्तिक असलं काही मानत नाही." हे वाक्य मी त्यानंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी सावध होते. "पण आपण इथं पाहुणे आहोत. गावचं वातावरण बिघडवून काय मिळणार? तू असं कर, स्वच्छता गटात जा. शाळेचं मैदान झाडून घे. प्रमुख पाहुणे येणार आहेत." मग ते हसले. "तुमच्याकडं केरसुण्या वळतात ना? मग हे तर तुझ्या हातचंच काम."

हे त्यांना कसं ठाऊक? मीच सांगितलं होतं. शिबिराच्या पहिल्या रात्री त्यांनी सगळ्यांना गोलात बसवून विचारलं होतं, तुमचे आईवडील कोणते श्रम करतात ते अभिमानानं सांगा. मी अभिमानानं सांगितलं होतं, माझी आई शिंदीच्या फड्यांच्या केरसुण्या वळते आणि जवळा बाजारच्या आठवडी बाजारात विकते. टाळ्या पडल्या होत्या. सरांनी माझी पाठ थोपटली होती.

मी मैदान झाडलं. शिबिराचं प्रमाणपत्र सरांच्या हातात, त्यावरचे मार्क त्यांच्या हातात, हॉस्टेलची खोलीही त्यांच्याच शिफारशीवर. तेव्हा झाडलं. पार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मनातल्या मनात अशा शिव्या देत होते की आईनं ऐकल्या असत्या तर थोबाडलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि लाज मला वाटत होती. ज्यांना वाटायला पाहिजे ते मंडपाला तोरणं बांधत होते.

पाहुणे आले. मोठी गाडी, मागं आणखी एक गाडी. मी झाडलेल्या जमिनीवरून पाहुणे चालत मंचावर गेले. तासभर बोलले. "तरुणांनो, वाचाल, लिहाल, पदव्या घ्याल. पण अन्याय दिसल्यावर जो उठत नाही तो तरुणच नव्हे. उठा!" असं तीन-तीनदा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवशी बघून घेतलं. पुढच्या रांगेत काकू मान डोलावत होत्या. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सवयीनं माझेही हात एकमेकांवर आपटले, नंतर लक्षात आलं.

मग पंगत.

मैदानात सतरंज्या पडल्या. गावकरी, पोरं, पोरी, सगळे मांडी घालून बसले. गावच्या मंडळाची स्टीलची ताटं निघाली. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. मी शेवटच्या सतरंजीकडं गेले तर सर आडवे आले. "तुझं ताट शाळेच्या व्हरांड्यात ठेवलंय. तिथं बस. निवांत जेव."

निवांत. हा शब्द मी अजून वापरत नाही.

व्हरांड्यात गेले. कागदाची पत्रावळ होती. जेवून झालं की फेकून द्यायची. वर वर्तमानपत्राचा तुकडा झाकलेला, त्यावर माशा. विजयच आणून ठेवून गेला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मला भूक लागली होती, खूप लागली होती, आणि त्या भुकेचाच मला राग आला. मी खाली बसले. पुरीला हात लावला. तेवढ्यात मैदानातून सगळ्यांनी मिळून श्लोक म्हटल्याचा आवाज आला. त्यात वर्षाचा आवाज मला वेगळा ओळखू आला. तिचा गळा गोड आहे.

मी पुरी खाली ठेवली आणि उठले.

दोन पंगतींच्या मधोमध जिथून वाढपी फिरतात तिथं जाऊन उभी राहिले. आवाज स्पर्धेत लावायचे तसाच लावला. म्हणाले, "सकाळी मी तिंबलेली कणीक म्हशीला टाकली. मी मांगाची आहे म्हणून. अर्ध्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, बाकीच्यांना कळलंय. ज्याला हे चूक वाटतं त्यानं ताटावरून उठावं."

वरणाची बादली घेतलेला पोरगा जागीच थांबला. सरपंच म्हणाले, "सर, काय बोलून राहिली ही पोरगी?" पाहुणे ताटातल्या बुंदीकडं बघायला लागले. तासाभरापूर्वी उठा उठा म्हणणारा माणूस आता भातात खड्डा करून त्यात वरण ओतून घेत होता.

"खाली बस," सर ओरडले.

"कुठं बसू?" मी विचारलं.

वर्षा माझ्या पायाशीच बसलेली होती. तिनं माझ्या कुडत्याचं टोक ओढलं आणि हळूच म्हणाली, "अगं, भरल्या ताटावरून उठू नये. अन्नाचा अपमान होतो."

तिनं हे मनापासून म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. एक परात कणीक म्हशीपुढं गेली तेव्हा अन्नाचा अपमान झाला नव्हता. माझ्यासाठी उठलं की होणार होता.

आमच्याकडं ताटावरून उठणं म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. लग्नात एखादा व्याही रुसतो. मानपान चुकलेला असतो, नाही तर नुसतं तूप वाढायला उशीर झालेला असतो. तो ताट सारतो आणि उठतो. की झालं! अख्खा मांडव हादरतो. नवरीचा बाप टोपी काढून त्याच्या पायावर ठेवतो, बायका रडायला लागतात, कुणाचा घास तोंडात असेल तो तसाच राहतो. वर्षानुवर्षं बोलतात मग गावात, अमक्याच्या दारातून पाहुणा ताटावरून उठून गेला म्हणून. यजमानाला याहून मोठी चपराक नाही. तर उठण्यात काय ताकद आहे हे त्या मैदानातल्या प्रत्येकाला बराबर ठाऊक होतं. तूप उशिरा आलं म्हणून त्यांच्या घरची माणसं उठलेली होती. माझ्यासाठी उठायचं नव्हतं, एवढंच.

विजय उठला. म्हणजे अर्धा उठला. एक गुडघा जमिनीवरून सुटला, हात टेकवलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. मग शेजारचा पाण्याचा जग उचलला आणि तेवढ्यासाठीच उठल्यासारखा दोन-चार जणांना पाणी वाढून परत बसला.

मग कुणीतरी पुरीचा तुकडा मोडला. त्याच्या शेजारच्यानं मोडला. बघता बघता सगळे जेवायला लागले. एवढ्या जणांच्या चावण्याचा आवाज तुम्ही कधी मधे उभं राहून ऐकला आहे का? मी ऐकला आहे. मूग गिळून बसणं म्हणतात, पण ते मूग नव्हते गिळत, पुऱ्या गिळत होते.

मी बॅग तिथंच सोडून फाट्यापर्यंत चालत आले आणि मिळेल त्या जीपमध्ये बसून गावी गेले.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. एकटीच. टेबलामागच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला हात लावला का?"

"न्हाई."

"मारहाण?"

"न्हाई."

"म्हंजी कणीक टाकली फक्त. पंचनामा कशाचा करू बाई? म्हशीच्या पोटाचा?" शेजारचा हसला, मग तोही हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "साक्षीदार आण. एक जरी आणलास तरी घेतो लिहून. एवढी पोरं होती म्हणतीस ना?"

होती ना. चाळीस होती. मी एकेकाच्या दारात गेले.

एक म्हणाली, मी तेव्हा पाणी आणायला गेले होते. एक म्हणाला, माझं स्पर्धा परीक्षेचं चालू आहे, पोलिसाच्या कागदावर नाव नको. एकानं मला चहा पाजला, जातिव्यवस्थेवर अर्धा तास बोलला, माझ्यापेक्षा छान बोलला, आणि शेवटी म्हणाला, आमच्या घरच्यांचं त्या गावात येणंजाणं आहे गं. वर्षा खोलीचं दार अर्धंच उघडून उभी राहिली. "मी पाहिलंच न्हाई. मी पुऱ्या लाटून राहिले होते," ती म्हणाली. तिच्या मागं माझ्या कॉटवर दुसऱ्या मुलीची गादी पसरलेली होती.

एकटा विजय म्हणाला, "येतो. उद्या ठाण्यासमोर थांब."

मी थांबले. ठाण्यासमोर रसवंती आहे, तिथल्या बाकावर बसले. ऊन डोक्यावर आलं, रसवंतीवाल्यानं दोनदा विचारलं, रस देऊ का. विजय आला नाही. फोन बंद. नंतर महिन्याभरानं बसस्टँडवर दिसला, तर स्वतःहून जवळ आला. "मी उठणारच होतो," म्हणाला. "तूच बघितलं ना, मी उठून राहिलो होतो."

"तुला बी लाकडंच फोडायला लावली होती, विजय."

"ते येगळं," तो म्हणाला. "मला ताट दिलं की त्यांनी."

मला तेव्हा त्याला मारावंसं वाटलं. काकूंना नाही, सरांना नाही, त्याला. एक पायरी वर बसायला मिळालं म्हणून खालच्या पायरीवरच्याला न ओळखणारा माणूस मला जास्त घाण वाटतो. आजही वाटतो.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कोरा कागद आणि पेन. "गैरसमज झाला एवढं लिहून दे. शिबिराचे मार्क देतो. हॉस्टेलचंही बघू. तू हुशार आहेस. तुझ्यासारख्यांनी तर पुढं जायला पाहिजे."

"माझ्यासारख्यांनी म्हणजे, सर?"

त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं. मी ते परत त्यांच्याकडं सरकवलं. ते वर्ष माझं गेलं, हॉस्टेल गेलं. शिबिर अर्धवट सोडून शिस्तभंग केला, असा शेरा पडला.

आणि आईचं काय झालं ते ऐका. त्या गावची माणसं जवळ्याच्या बाजाराला येतात, कापूस आणतात, सोयाबीन आणतात. जाताना आईकडून केरसुण्या घ्यायची. दिवाळीच्या तोंडावर तर हमखास. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात, ती लक्ष्मी असते, तिला चुकून पाय लागला तर पाया पडतात. आणि ती मांगाच्या हातचीच लागते, अशी जुनी रीत. आम्ही वळलेली लक्ष्मी त्यांच्या देव्हाऱ्यापुढं चालते, आम्ही तिंबलेली कणीक परातीत चालत नाही. तर त्या दिवाळीआधीच्या बाजारात सरपंचाच्या भावकीतली दोन पोरं आली आणि आईच्या केरसुण्यांच्या ढिगावरून बुटांनी चालत गेली. एकदा जाऊन परत फिरली, परत चालत गेली. बाजार भरलेला होता. कुणी हूं की चूं केलं नाही.

आई घरी आली. माझ्यापुढं बसली. पायांना धूळ, डोळे कोरडे. म्हणाली, "काहून बोललीस? व्हरांड्यात तर व्हरांड्यात. जेवायला तर दिलं व्हतं ना त्यांनी? गुमान दोन घास खाऊन आली असतीस तर कोणाचं काय गेलं असतं?"

"तू खात आलीस ना गुमान जलमभर? मग तुझ्या ढिगावरून काहून चालले ते?"

तिनं माझ्या तोंडात मारली. लहानपणी सुद्धा मारलं नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, पण मी बरोबर केलं असं तिला अजून वाटत नाही. कुणी तरी म्हणेल, शेवटी आईला पटलं असेल. नाही पटलं. ती मेली तरी पटणार नाही, आणि तिचा दोष नाही. तिला ज्यांनी असं वळवलं त्यांना मी ओळखते.

तक्रार कागदावर चढलीच नाही. साक्षीदार नाही म्हणून. मी दुसऱ्या गावच्या कॉलेजातून पदवी घेतली, आता वकिलीचं शिकते आहे. आणि गंमत बघा, मला आता बोलावतात. शिबिरांची उद्घाटनं, सामाजिक न्यायाचे सप्ताह. विद्यार्थ्यांना प्रेरणा द्या म्हणतात. सरांची बढती झाली, तेही आता याच विषयावर बोलत फिरतात. एकदा तर आम्हा दोघांची नावं एकाच पत्रिकेत होती. ते आले नाहीत, आजारी पडले म्हणे.

परवा असंच कळमनुरीकडच्या एका कॉलेजनं बोलावलं. हॉल भरलेला. प्राचार्यांनी ओळख करून दिली, "आपल्या जिल्ह्याची जिद्दी लेक." मला जिद्दी म्हणतात. मला काय झालं ते कुणी म्हणत नाही. मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं, जसं इथं सांगितलं तसं. काही पोरींच्या डोळ्यांत पाणी. मला त्या पाण्याचा आता कंटाळा येतो. वर्षाच्या डोळ्यांत पण होतं.

प्रश्न विचारा म्हटलं तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. काटकुळी, हातात फाटका रुमाल. म्हणाली, "ताई, आमी उठलो तर आमचे बी मार्क जातील ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. प्राचार्य खुर्चीत पुढं सरकले. त्यांना वाटलं मी आता काहीतरी धीराचं बोलेन.

"व्हय," मी म्हणाले. "जातील."

"मंग?"

"मग काही न्हाई. जातील. हॉस्टेल बी जाईल. घरचे मारतील, सोयरीक मोडेल. तकलीफ व्हणारच. मी खोटं बोलून तुला उठवणार न्हाई. तुझे मार्क जातील, पण ज्याची कणीक टाकली त्याचं सगळंच जातं. तुला निवडायला मिळतंय. मला मिळालं नव्हतं."

ती मुलगी बसली. पटलं की नाही कळलं नाही. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. आभाराचं भाषण करायला कुणीतरी माइककडं निघालं. मी माइक सोडला नाही. मला अजून बोलायचं होतं, आणि ते मी आता प्रत्येक कॉलेजात बोलणार आहे. बोलवा किंवा बोलवू नका. नाही बोलावलं तर फाटकाबाहेर उभी राहून बोलेन.

मी त्यांना म्हटलं, मला टाळ्या नकोत. फ्लेक्स नकोत. पथनाट्यात माझ्या आईचा पार्ट करायला काळं तोंड रंगवू नका. मोर्चा पुढची गोष्ट आहे. आधी पंगतीतून उठायला शिका, तोंडात घास असेल तर थुंकून उठा. आणि मग ठाण्यात या, तिथल्या कागदावर आपलं पूर्ण नाव, गावासकट लिहा. एवढंच काम आहे. यापेक्षा कमी केलंत तर ते काम नाही.

आणि हेही सांगितलं. त्या वेळी मी ठाण्यात दोनच नावं सांगितली होती, काकूंचं आणि सरांचं. जेवत बसलेल्या चाळीस जणांना मी साक्षीदार समजत होते. ती माझी समजूत संपली. यापुढं या जिल्ह्यात जिथं कुठं असं घडेल तिथं मी जाणार आहे. वकील म्हणून जाईन, सनद मिळायच्या आधी घडलं तर अशीच जाईन. आणि टाकणाऱ्याचं नाव विचारायच्या आधी विचारीन, तिथं बसलं कोण होतं? त्यांची नावं घेईन. चार पावलांवर बसून ज्यांनी पाहिलं आणि घास गिळला त्या सगळ्यांची. कॉलेजात घेईन, तुमच्या नोकरीच्या ठिकाणी घेईन, तुमच्या लग्नाच्या मांडवात येऊन घेईन. तुमच्या आईबापासमोर, मोठ्यानं, वक्तृत्वाच्या आवाजात.